ठराव झाला, मग काम का नाही?

परभणी महापालिकेत किंवा जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या नगरपरिषदेत एखादा ठराव मंजूर झाला की टपरीवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आता काम झालंच समजा. दुसरा म्हणतो, सगळं कागदावर. ठरावानंतरचा प्रवास दोघांच्याही हिशेबात नसतो. पैसा कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, ते करायला मंजूर पदावर माणूस आहे का आणि वरून कोणाची सही लागते, या तीन प्रश्नांवर ठराव एक तर चालतो, नाहीतर फायलीत झोपतो. महापालिकेचा ठराव राज्य सरकार थांबवू शकतं आणि नगरपरिषदेचा ठराव जिल्हाधिकारी रोखू शकतात, हेही अनेकांना माहीत नसतं.

‘नगरसेवक नव्हते, म्हणून निर्णयच झाले नाहीत,’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत खूप ऐकलं. परभणी महापालिका १ नोव्हेंबर २०११ रोजी अस्तित्वात आली. २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२२ मध्ये संपली आणि पुढचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात निर्णय थांबले नव्हते. सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे होते आणि अंदाजपत्रकही त्याच एका सहीने मंजूर होत होतं. निर्णय होत राहिले, फक्त त्यावर भर सभेत भांडणारं कोणी उरलं नाही. माझ्या मते, ही निर्णय न होण्यापेक्षा जास्त काळजीची गोष्ट.

भरतीबद्दलचा समज तर निवडणुकीतच पेरला जातो. ‘आमची सत्ता आली की पोरांना पालिकेत लावू.’ पण किती पदं असावीत, हे ठरवणारा आकृतीबंध राज्याच्या नगरविकास खात्याकडून मंजूर होतो. त्यात आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आहे. घरपट्टी-नळपट्टीची वसुली कमी पडली की ही टक्केवारी आपोआप फुगते आणि मंजूर असलेली रिकामी पदंही भरता येत नाहीत. ड वर्गातल्या महापालिकेला हा फास लवकर बसतो. नगरपरिषदांत मुख्याधिकारी आणि इतर संवर्गांतले अधिकारी राज्याकडून येतात. त्यांची नेमणूक किंवा बदली सभागृहाच्या हातात नसते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण बाहेरचे लोक हसून सांगतात, पण खुर्ची रिकामी राहिली की हसू येत नाही.

मग काम करतं कोण? बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची माणसं. ‘तो कंत्राटी आहे, पालिकेशी त्याचा काय संबंध’ हेही खरं नाही. मूळ नियोक्ता म्हणून जबाबदारी पालिकेवर येते. ठेकेदाराने किमान वेतन बुडवलं तर ते देण्याचं दायित्व तिच्यावर असतं, नंतर तिने ते ठेकेदाराच्या बिलातून कापावं. सर्वांत कमी दराची निविदा म्हणजे पालिकेची बचत, हा समजही इथेच उघडा पडतो. झाडूवाल्याच्या पगारातून केलेली बचत कायद्याने पालिकेच्याच अंगावर परत येऊ शकते.

याच संदर्भात एक घटना विसरता येत नाही. ११ मे २०२३ रोजी सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. अशा वेळी दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. पहिली: टाकी खासगी, मग सरकारचा काय संबंध? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने कोणत्याही व्यक्तीला किंवा संस्थेला, घरमालकालासुद्धा, माणसाला टाकीत धोकादायक सफाईसाठी उतरवायला मनाई केली आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. दुसरी: आधी दिवा सोडून पाहावा, विझला नाही तर उतरायला हरकत नाही. ही समजूत जीवघेणी आहे. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड दिवा तेवत असतानाही माणसाला आडवा करू शकतो. तो थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. मिथेन साचला असेल तर दिव्यानेच भडका उडेल. पहिला माणूस कोसळला म्हणून दुसरा धावतो आणि तोही वर येत नाही. टाकी उपसण्याची गाडी घेणं, तिचा दर परवडेल असा ठेवणं आणि ती तांड्यापर्यंत पोचवणं, हे निर्णय मात्र स्थानिक संस्थांच्या हातातले आहेत.

हवामान बदलाचा विषय निघाला की तो दिल्लीचा, आणि पालिकेने ५ जूनला चार रोपं लावावीत, एवढ्यावर आपण थांबतो. राज्याने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गुण मिळतात. झाडं त्यातल्या एका तत्त्वात येतात. ऊर्जा ‘अग्नी’मध्ये मोडते आणि पालिकेच्या वीजबिलात मोठा वाटा पाणी उपसण्याचा आणि पथदिव्यांचा असतो. येलदरीचं पाणी परभणीत आणायला वीज लागते, त्यामुळे फुटलेल्या व्हॉल्व्हमधून वाहणारं पाणी म्हणजे वीजही वाहून जाणं. उलटंही खरं. परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून जातं. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी ते केंद्र बंद पडलं होतं. गळती काढणारा प्लंबर हा हवामानाचाच कार्यकर्ता, पण त्याचं पद आकृतीबंधात आहे का, हे कोणी विचारत नाही.

झाडाचंही एक सांगायला हवं. ‘माझ्या अंगणातलं झाड, माझी मर्जी’ हे शहरात चालत नाही. १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. साठ वर्षांचा कडुनिंब पाडायचा तर साठ रोपं.

शेवटचा समज पैशाचा: दिव्यांग, महिला, मागास वस्त्या यांच्यासाठीचा खर्च म्हणजे पालिकेची मेहेरबानी. तसं नाही. दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नातले ५ टक्के राखून ठेवावेच लागतात, ग्रामपंचायतीलाही. ग्रामपंचायतीने मागासवर्गीयांसाठी १५ आणि महिला-बालकल्याणासाठी १० टक्के वेगळे काढायचे असतात. रक्कम अंदाजपत्रकात दिसते, म्हणून ती खर्चही झाली असं नाही. म्हणून नव्या वर्षाची तरतूद वाचताना शेजारचा, मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना आधी पाहावा. प्रत हातात मिळाली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते.