सल्लागाराचा पूर्वेतिहास कुठे सापडतो?

पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याला २०१३ च्या नियमांनुसार सेबीकडे, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी करावी लागते. त्याचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो. ठाणे जिल्ह्यातील बारवी धरणाच्या वाढीव उंचीमुळे जमीन गेलेल्या कुटुंबासाठी मोबदला हीच पुंजी. ती कुणाच्या सल्ल्याने गुंतवण्याआधी हा क्रमांक मागायलाच हवा.

सेबीच्या संकेतस्थळावरील मध्यस्थांच्या यादीत नाव, क्रमांक आणि पत्ता ताडून पाहता येतो. पण यादीतले नाव म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. जमीन घेताना सातबाऱ्याबरोबर फेरफारही तपासतात, तसे इथे सेबीचे आदेश वाचावे लागतात. दंड, बंदी, पैसे परत करण्याचे फर्मान, सारे तिथे कारणांसह नोंदलेले असते. शोध व्यक्तीच्या, संस्थेच्या आणि संचालकांच्या नावाने घ्यावा, स्पेलिंग बदलूनही; कारण बंदीनंतर नवी पाटी लावणे अवघड नसते.

एप्रिल २०२४ मध्ये सेबीने पुण्यातील रवींद्र भारती एज्युकेशन इन्स्टिट्यूटविरुद्ध नोंदणीविना सल्ला दिल्याबद्दल अंतरिम आदेश काढला. तो आजही कुणालाही वाचता येतो. म्युच्युअल फंडाच्या वितरकाची नोंद मात्र ‘ॲम्फी’ या फंड कंपन्यांच्या संघटनेकडे, ‘एआरएन’ क्रमांकाने तपासावी लागते.