गाडीतल्या सीटचं कापड निवडताना

ज्येष्ठात माउलींची पालखी दिघीवरून पुण्याकडे जाते. दिंडीमागच्या गाड्या पाहिल्यात ना? दिवसा बसायचं तिथेच रात्री झोपायचं! मैत्रिणींनो, अशा गाडीत मखमल शोभते, पण धूळ धरते. रेक्झिन चटकन पुसता येतं, मात्र उन्हात चटके देतं, घामाने चिकटतं. म्हणून बसायला घट्ट विणीचं पॉलिस्टर घ्या, फक्त कडांना रेक्झिन. दुकानात ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघा. रंग उतरला तर नकोच. कव्हरला चेन लावून घ्या, म्हणजे धुता येईल. आणि रंग बघण्याआधी विचारा, कापड ‘आयएस १५०६१’ या मानकाचं आहे का? आग किती वेगाने पसरते, हे त्यात तपासतात. तरीही स्टो गाडीबाहेरच पेटवायचा हं!