आकाशातून टाकलेला चेंडू

चेंडू घेऊन अंगणात या बरं! भिंत आणि जमीन जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात तिरका मारा. टप्, टप्... आणि स्वारी परत तुमच्याच हातात! आता तोच चेंडू विटांच्या ढिगाऱ्यावर मारा. गेला ना भलतीकडेच?

रडारवाला उपग्रह हाच खेळ खेळतो. त्याचा चेंडू असतो रेडिओलहरींचा. भारत-अमेरिकेचा ‘निसार’च बघा. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेला हा पठ्ठ्या १२ मीटर रुंदीची जाळीदार छत्री उघडून, सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवरून लहरी सोडतो. त्यांना ना ढगांची अडचण, ना अंधाराची. आपल्या नागपुरातल्या फुटाळा तलावाचं शांत पाणी त्या लहरी पलीकडे घसरवतं, म्हणून चित्रात तलाव काळा. इतवारीतल्या भिंती त्या परत धाडतात, म्हणून इतवारी लखलखीत!

आता समजा, भूकंप झाला. भिंती कोसळल्या की कोपरे मोडतात, परतणाऱ्या लहरींची घडी विस्कटते. संगणक भूकंपाआधीचं आणि नंतरचं चित्र एकावर एक ठेवतो आणि जिथे जुळत नाही, तिथे रंगीत ठिपका देतो. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर काठमांडूचा असाच नकाशा झाला होता. ठिपका जितका लाल, तितका बदल मोठा.

पण थांबा! कुणी जुना वाडा पाडून नवी इमारत बांधली, तरी ठिपका उमटतोच. रडारला कळतं फक्त ‘इथे काहीतरी बदललं’. खरं काय झालं, ते माणसांनीच जाऊन पाहायचं. आधी कुठे धावायचं, एवढं मात्र नकाशा सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी गाव भूकंपाने हादरलं, दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हा असा नकाशा करायला भारताकडे स्वतःचा रडार उपग्रह नव्हता.

आपलं नागपूर भूकंपाच्या दृष्टीने तसं शांत. मग निसारने दर १२ दिवसांत पुन्हा पुन्हा त्याचं चित्र का घ्यावं? कारण ‘आधीचं’ चित्र भूकंपानंतर काढता येत नाही! ते काढावं लागतं अशाच एखाद्या दिवशी, जेव्हा काहीच घडत नसतं आणि तुम्ही अंगणात चेंडू खेळत असता.