ऊर्ध्वशाखेच्या अस्थींचे अस्थिभवन आणि वयोनिश्चिती

मानवी शरीराच्या प्रत्येक ऊर्ध्वशाखेत, म्हणजे खांद्यापासून बोटांच्या अग्रापर्यंतच्या अवयवात, एकंदर ३२ अस्थी असतात. स्कंधमेखलेच्या दोन : गळ्याच्या पायथ्याशी आडवी असलेली जत्रुक आणि पाठीवरील अंसफलक, म्हणजे खांद्याचे पाते, दंडाची एक, भुजास्थी, कोपर व मनगट यांमधील दोन, अंगठ्याकडील बहिःप्रकोष्ठास्थी व करंगळीकडील अंतःप्रकोष्ठास्थी, मनगटाच्या आठ, तळहाताच्या पाच आणि बोटांच्या चौदा. प्रौढाच्या सांगाड्यातील २०६ अस्थींपैकी ६४ अस्थी अशा रीतीने केवळ दोन ऊर्ध्वशाखांच्या आहेत.

ही गणना प्रौढाची होय. बालकाच्या सांगाड्यास ती लागू पडत नाही. कारण त्याच्या काही अस्थी अद्याप अस्थिरूपास आलेल्या नसतात आणि काही अनेक खंडांत विभागलेल्या असतात. या अपूर्णतेचा क्रम ठराविक आहे, आणि म्हणूनच अस्थींवरून वय अजमावता येते. हे अजमावणे कोठपर्यंत विश्वसनीय आहे, हा प्रश्न मात्र शरीररचनाशास्त्रापुरता मर्यादित नाही. एखाद्या आरोपीस बालक मानावयाचे की प्रौढ, याचा निर्णय प्रसंगी त्यावर अवलंबून असतो.

बहुतेक अस्थी प्रथम उपास्थीच्या, म्हणजे मऊ कूर्चेच्या, स्वरूपात निर्माण होतात. दीर्घास्थीच्या मध्यभागी गर्भावस्थेतच प्राथमिक अस्थिभवन-केंद्र उद्भवते व त्यापासून अस्थीचा दंड बनतो. टोकांना पुढे दुय्यम केंद्रे निर्माण होतात. त्यांपासून बनणाऱ्या भागास अग्रखंड म्हणता येईल. दंड व अग्रखंड यांच्यामध्ये उपास्थीचा पातळ वृद्धिपट्ट राहतो आणि त्याच्या योगाने अस्थीची लांबी वाढते. उपास्थी क्ष-किरणांना फारसा अडथळा करीत नसल्यामुळे चित्रात हा पट्ट रिकाम्या फटीसारखा दिसतो. वाढ संपली की वृद्धिपट्टाचेही अस्थीत रूपांतर होऊन दोन्ही भाग एकजीव होतात. केंद्राचे उद्भवणे आणि अग्रखंडाचे सायुज्य, या दोन घटना वयोनिश्चितीचा आधार होत.

या दृष्टीने जत्रुक विशेष लक्षणीय आहे. शरीरात अस्थिभवनास सर्वप्रथम, गर्भाच्या पाचव्या ते सहाव्या आठवड्यात, हिच्यातच प्रारंभ होतो. तिचा दंड उपास्थीतून नव्हे, तर पटलातून तयार होतो. उलट, तिच्या उरोस्थीकडील टोकाचा अग्रखंड किशोरावस्थेच्या अखेरीस प्रकट होतो व त्याचे सायुज्य विशीच्या उत्तरार्धापर्यंत लांबू शकते. जिचा आरंभ सर्वांआधी, तिची समाप्ती सर्वांच्या शेवटी असा हा प्रकार आहे.

दंड व हात यांच्या दीर्घास्थींची दोन्ही टोके सारखी वाढत नाहीत. भुजास्थीची वाढ मुख्यतः खांद्याकडे होते, तर प्रकोष्ठाच्या दोन्ही अस्थींची मनगटाकडे. भुजास्थीच्या लांबीची सुमारे ८० टक्के वाढ वरच्या टोकाला होते. कोपराकडील सायुज्य लवकर, साधारणपणे चौदा ते अठरा या वर्षांत, आटोपते. खांदा व मनगट येथील सायुज्य त्यामानाने उशिरा होते.

कोपराच्या परिसरातील सहा केंद्रांचा क्रम केवळ वयासाठी नव्हे, तर उपचारासाठीही माहीत असावा लागतो. भुजास्थीच्या खालच्या टोकाचा बाहेरील गोलाकार भाग पहिल्या वर्षाच्या सुमारास अस्थिरूप घेतो. त्यामागून बहिःप्रकोष्ठास्थीचे शीर्ष व भुजास्थीचा आतील उंचवटा. नंतर भुजास्थीचा कप्पीसारखा भाग व कोपराचे टोक. आणि शेवटी बाहेरील उंचवटा. आतील उंचवटा कप्पीच्या आधी दिसतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मूल हातावर पडून हा उंचवटा तुटला व सांध्यात अडकला, तर तो तुकडा कप्पीच्या केंद्रासारखा भासतो. चित्रात कप्पीच्या जागी अस्थी आहे, पण आतील उंचवट्याची जागा मोकळी आहे, असे दिसल्यास ती नैसर्गिक अवस्था नसून इजा होय.

१८९५ साली रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हाच्या त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध चित्राचा विषय मानवी हात हाच होता. अस्थिवय पाहण्यासही तोच अवयव सोयीचा ठरला. कारण एका लहानशा चित्रात अनेक केंद्रे एकत्र पाहावयास मिळतात. नवजात अर्भकाच्या मनगटात सामान्यतः एकही अस्थी दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट व हॅमेट या दोन अस्थी प्रकट होतात. त्रिकोणी अस्थी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, अर्धचंद्राकृती चौथ्याच्या सुमारास व पुढे नौकाकृती आणि तिच्या शेजारच्या दोन. वाटाण्याएवढी आठवी अस्थी मात्र नऊ ते बारा या वर्षांत दिसू लागते. तळहाताच्या चार अस्थींचा अग्रखंड बोटांकडील टोकास असतो. अंगठ्याच्या अस्थीचा तेवढा बोटांच्या अस्थींप्रमाणे मनगटाकडील टोकास असतो.

या क्रमाचा प्रमाणित चित्रसंग्रह ग्रॉयलिक व पाइल यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. सुधारित आवृत्ती १९५९ मध्ये निघाली. डाव्या हाताचे चित्र त्यातील नमुन्यांशी ताडून अस्थिवय ठरविण्याची पद्धती अद्याप प्रचारात आहे. परंतु ते नमुने अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील सुस्थितीतील गोऱ्या मुलांवरून घेतलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. मुलींचे अस्थिभवन मुलांच्या आधी होते. कुपोषण, दीर्घ आजार व अवटू ग्रंथीची न्यूनता यांनी ते मंदावते. अकाली यौवनागमाने ते त्वरेने पुढे सरकते. सारांश, चित्रावरून कळते ते अस्थीचे परिपक्वन, जन्मतारीख नव्हे.

भारतीय कायद्यानेही हा भेद मानलेला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार वयाबद्दल शंका असल्यास प्रथम शाळेचा किंवा शालान्त परीक्षेचा दाखला, तो नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला पाहावयाचा असतो. हे दोन्ही उपलब्ध नसतील तरच अस्थिभवन-चाचणी किंवा अन्य अद्ययावत वैद्यकीय चाचणी करावयाची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मधील एका निर्णयात क्ष-किरण परीक्षेतील वयाची चूक दोन्ही बाजूंस दोन वर्षांपर्यंत असू शकते, असे म्हटले आहे. अहवालात १७ वर्षे नोंदली असतील, तर खरे वय १५ ते १९ यांमध्ये कोठेही असू शकेल. आणि कायद्याची १८ वर्षांची मर्यादा नेमकी याच अंतरात येते.

म्हणून मनगटाचे सायुज्य पूर्ण झाले, एवढ्यावरून १८ वर्षे पूर्ण झाली असे सिद्ध होत नाही. ते सतराव्या वर्षीही आढळू शकते. जत्रुकेच्या उरोस्थीकडील टोकाचे सायुज्य पूर्ण असेल, तर प्रौढत्वाविषयीचे अनुमान पुष्कळ बळकट होते. पण ते अपूर्ण असल्याने व्यक्ती अल्पवयीन ठरत नाही. एकाच अस्थीवरून एकच आकडा सांगण्यापेक्षा खांदा, कोपर व मनगट यांची एकत्र परीक्षा करून वयाची खालची व वरची मर्यादा नमूद करणे, हेच शास्त्रास धरून होईल.