सांडलेला चहा आणि आजीचा आवाज

स्टॅनमोरच्या आमच्या घरी लॅपटॉपवर चहा सांडला आणि तो सुरूच होईना. १९५६ च्या नागपूर दीक्षेविषयी आजीने सांगितलेल्या आठवणी त्यात ध्वनिमुद्रित होत्या. आजी आज हयात नाही. दुसरी प्रतही नव्हती.

अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबणे ही सर्वांत घातक चूक होय. ओलाव्यातून वीज वाहिली की आतील भाग जळतात. प्रथम चार्जर काढावा, लॅपटॉप उघडून पालथा ठेवावा आणि द्रव निथळू द्यावा. तांदळात ठेवून उपयोग नाही. चहातील साखर व दूध आतच वाळते आणि धातू गंजतो. जाणत्या कारागिराकडून मदरबोर्ड अल्कोहोलने स्वच्छ करून घ्यावा. यंत्र गेले तरी एसएसडी बहुधा शाबूत असते. ती सुटी निघत असल्यास दुसऱ्या संगणकाला जोडता येते. आजीचा आवाज आम्हांला असाच परत मिळाला.

१९१७ साली बाबासाहेबांनी लंडनहून मायदेशी पाठवलेले ग्रंथ जहाजासह समुद्रात बुडाले. प्रती जपण्याची आजची सोय तेव्हा नव्हती. आपल्याला आहे, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींची दुसरी प्रत आजच करून ठेवावी.

जय भीम!