सतर्कता टिकते विश्रांतीवर

१७ एप्रिल २०२१. मध्य रेल्वेच्या वांगणी स्थानकात दृष्टिहीन आईसोबत चालणारा मुलगा फलाटावरून रुळांवर पडला. समोरून एक्स्प्रेस येत असतानाही पॉइंट्समन मयूर शेळके धावले आणि मुलगा वाचला. अशा धैर्याला सलाम! पण ही सतर्कता रोजच्या पाळीत टिकायची, तर कर्मचाऱ्यांना जपणारी व्यवस्था हवीच.

● कामाचे तास : रेल्वे अधिनियम १९८९, कलम १३२ नुसार दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला कमाल मर्यादा सलग कामाच्या ‘कंटिन्युअस’ वर्गासाठी ५४ तास, तर जास्त ताणाच्या ‘इंटेन्सिव्ह’ वर्गासाठी ४५ तास.

● विश्रांती : कलम १३३ नुसार या दोन्ही वर्गांना दर आठवड्याला सलग किमान ३० तास.

● धोक्याची वेळ : रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास सतर्कता सर्वांत खाली येते. जोखमीची कामं शक्यतो तेव्हा टाळावीत.

● ओळखा बर्नआउट : सततचा थकवा, कामाविषयी तुटलेपणा आणि घटलेली कार्यक्षमता. जागतिक आरोग्य संघटना याला आजार मानत नाही. आवाक्याबाहेर गेलेल्या कामाच्या ताणाचा तो परिणाम आहे.

● प्रमुखांसाठी : ड्युटीचं वेळापत्रक आधी जाहीर करा. हक्काची सुट्टी अडवू नका. अपघात पाहिलेल्या सहकाऱ्याला लगेच पुढच्या पाळीवर न पाठवता आधी त्याचं म्हणणं ऐका. चूक सांगणाऱ्याला संरक्षण द्या.

● मदत : मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन ‘टेलि-मानस’, क्रमांक १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही.