जुन्या मोटारसायकलच्या ब्रेकमधील तुटलेले निपल

1969 साली जपानच्या होंडा कंपनीने ‘सीबी 750’ ही चार सिलिंडरांची मोटारसायकल विक्रीस आणली. पुढील चाकास द्रवचालित डिस्क ब्रेक असणे ही गोष्ट सर्वसामान्य मोटारसायकलस्वाराच्या परिचयाची झाली ती मुख्यतः या वाहनामुळे. त्या पिढीतील वाहने आता अर्धशतकाहून जुनी झाली आहेत. त्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्या हौशी मंडळींना अनेकदा इंजिनापेक्षाही अधिक छळते ती बोटाच्या पेराएवढी एक पोकळ वस्तू. तिला ‘वायुमोचक मळसूत्र’ असे प्रौढ नाव देता येईल. परंतु कारागीर तिला ‘ब्लीडर निपल’ म्हणतात, आणि आपणही तेच म्हणू.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर हा ब्रेक चालतो. द्रव दबत नाही, हवा मात्र दबते. नळीत हवेचे बुडबुडे राहिले तर स्वाराच्या हाताचे बळ ते बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडते आणि चाक फिरतच राहते. ही हवा बाहेर काढण्यासाठी कॅलिपरच्या वरच्या बाजूस निपल बसविलेले असते. त्याच्या मधोमध एक उभे छिद्र असून टोकाजवळ त्याला आडवे छिद्र मिळते. टोक शंकूसारखे निमुळते असते. निपल आवळले की हा शंकू कॅलिपरमधील आपल्या बैठकीवर घट्ट टेकतो आणि मार्ग बंद होतो. द्रव अडवितो तो हा शंकू, आटे नव्हेत, हे वाचकाने येथेच ध्यानात ठेवावे.

निपल पोलादाचे आणि कॅलिपर अ‍ॅल्युमिनियमचे. त्यांच्यामध्ये ओलावा शिरला की लहानसा विद्युत्‌घटच तयार होतो. त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. त्यापासून होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि आट्यांत पाचरीप्रमाणे ठासून बसते. निपलवरील रबरी टोपी हरवली की पावसाला वाट मोकळी होते. शिवाय ग्लायकोलयुक्त ब्रेक-द्रव स्वतःच हवेतील बाष्प शोषून घेतो. अशा जाम झालेल्या निपलवर पाना लावून जोर केला की ते पोकळ असल्यामुळे मानेशी पिळवटून तुटते.

म्हणून जोर करण्याआधी धीर धरावा. आट्यांत झिरपणारे पातळ तेल दोन-तीन दिवस सोडीत राहावे. बारा कोनांचा पाना कडा झिजवितो. सहा कोनांचाच घ्यावा. निपलच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत, आणि सैल करण्यापूर्वी ते किंचित आवळून पाहावे. ऑक्साइडचा थर पुष्कळदा त्यानेच फुटतो. एवढ्याने भागले नाही तर उष्णतेचा आश्रय घ्यावा. तापमान 100 अंश सेल्सिअसने वाढविल्यास 8 मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनियममधील छिद्र सुमारे 0.018 मिलिमीटरने मोठे होते, तर त्यातील पोलाद सुमारे 0.010 मिलिमीटरनेच फुगते. फरक केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी. पण पकड सुटण्यास तो पुरेसा ठरू शकतो. मात्र कॅलिपर वाहनावरून उतरवून, दट्ट्या व रबरी कडी काढून, द्रव पूर्ण पुसल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ नये. क्लोरीनयुक्त धुलाई-द्रवाचा अंशही राहता कामा नये. तापल्यावर त्यापासून विषारी वायू निर्माण होतो. अ‍ॅल्युमिनियम वितळण्यापूर्वी लाल होऊन इशारा देत नाही. पाण्याचा थेंब चर्र होऊन उडाला की थांबावे.

निपल तुटलेच, तर बहुतेकांचा हात ‘इझी-आउट’ या निमुळत्या हत्याराकडे जातो. पोकळ निपलच्या बाबतीत ही चूक होय. पाचर जसजशी आत जाते तसतशी निपलची पातळ भिंत बाहेर दाबली जाऊन आट्यांची पकड उलट वाढते. त्यातच ते कठीण, ठिसूळ हत्यार आत तुटले तर साध्या ड्रिलने ते कापताही येत नाही. तुकड्याचे टोक बाहेर दिसत असेल तर कुशल वेल्डरकडून त्यावर नट जोडून घेणे हा सर्वांत चांगला उपाय. पोलादाचा जोड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, आणि वेल्डिंगची उष्णता आटे सैल करते.

तुकडा आत खोल असेल तर ड्रिल करावे लागते. येथे निपलची पोकळी उपकारक ठरते, कारण मध्यबिंदू आयताच मिळतो. उलट्या फिरकीचे ड्रिल वापरल्यास तुकडा कधी कधी त्याच्याबरोबरच फिरून बाहेर येतो. 8 मिलिमीटर व्यासाच्या व 1.25 मिलिमीटर अंतराच्या आट्यांसाठी 6.5 मिलिमीटरपलीकडे जाऊ नये. उरलेले वेटोळे टोकदार सळईने उचलावे. खोली तर त्याहून महत्त्वाची. नव्या निपलवरून शंकूपर्यंतचे अंतर मोजून ड्रिलवर अटकाव बसवावा. बिघडलेले आटे तारेच्या वेटोळ्याचा अंतर्भाग घालून दुरुस्त करता येतात. पण शंकूची बैठक खरवडली गेली तर ब्रेक गळू लागतो. ती नव्याने कापण्याची सोय नसेल तर कॅलिपर बाद करावे.

आणखी एक उपाय घड्याळजींच्या परिचयाचा आहे: तुरटीचे कढत द्रावण. त्यात साधे पोलाद हळूहळू विरघळते आणि अ‍ॅल्युमिनियमला त्या मानाने फारच थोडी इजा होते. अर्थात कित्येक तास लक्ष ठेवावे लागते, आणि स्टेनलेस पोलादावर याचा उपयोग होत नाही.

शेवटी सर्व मार्ग अल्कोहोलने धुऊन कीस काढावा. खनिज तेलाचा अंश राहिल्यास रबर फुगते. नवे निपल आवळताना माहितीपुस्तकातील आकडाच पाळावा. 8 मिलिमीटरच्या निपलसाठी तो बहुधा 6 न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे मनगटाच्या जोराहून बराच कमी असतो. हवा काढून झाल्यावर ब्रेकची मूठ दाबून रात्रभर बांधून ठेवावी आणि निपलभोवती कोरडा कागद गुंडाळावा. सकाळी कागदावर ओल दिसली तर वाहन रस्त्यावर नेऊ नये. कागद कोरडा असेल तर रबरी टोपी बसवावी.